भुऱ्याच्या ताटलीतली भगर

१

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता सावरझरीत एक कुत्रा मरून पडला होता, त्याची मालकीण तालुक्याच्या दवाखान्यात सलाइनवर होती आणि मालकिणीची सून पोलिसांसमोर ओट्यावर बसली होती. पशुवैद्य अपेक्षा थूलला या तिन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये कळल्या.

फोन हवालदार चंद्रभान उरकुडेचा होता.

"मॅडम, कुत्रं चिरून पाहा लागते. पोटात औषध हाये का, तेवढं लिहून द्या."

औषध म्हणजे फवारणीचं. या भागात तो शब्द ऐकला की माणसं आधी घरातले डबे मोजतात.

"कुत्र्यासाठी पोलीस कवापासून येऊन राह्यले, उरकुडे?"

"कुत्र्यासाठी नाई, मॅडम. कुत्र्यानं जे खाल्लं, तेच म्हातारीनं खाल्लं."

त्यानं थोडक्यात सांगितलं. सीताबाई भोयर, वय सहासष्ट. घरात घट बसलेला, आज पाचवी माळ. नऊ दिवसांचा उपास. संध्याकाळी एकदा भगर, बाकी पाणी. काल रात्री सून काजलनं भगर केली. सीताबाईंनी खाल्ली, उरलेली काजलनं कुत्र्याच्या ताटलीत टाकली. घरातल्या तिसऱ्या कुणी ती तोंडात घातली नाही. पहाटे सीताबाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या. उजाडलं तेव्हा कुत्रा मेलेला होता.

"म्हातारीच्या बहिणीनं सांगतलं का सुनेनंच घातलं. कुत्र्याच्या पोटात औषध निघालं का मी सुनेले गाडीत बसवतो. म्हातारी गेली तर मग खूनच."

"अन् नाई निघालं तर?"

चंद्रभान जरासा हसला. "निघनच, मॅडम. दोघं खाते, दोघं पडते, अजून का पाह्यजे?"

२

सावरझरी अपेक्षाच्या गिरडच्या दवाखान्यापासून नऊ किलोमीटर. दर्ग्याची टेकडी आरशात लहान होत गेली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या कापणीची धूळ उडू लागली. अपेक्षा पोचली तेव्हा भोयरांच्या दारात अर्धं गाव जमलं होतं.

गर्दीच्या पुढे सीताबाईंची धाकटी बहीण वच्छलाबाई उभी होती. रडून तिचा आवाज बसला होता, पण थांबला नव्हता.

"तीन वर्सं झाले लग्नाले, एक दिवस माह्या बहिणीशी गोड बोलली नाई हे! परवा भांडन केलं. काऊन केलं, इचारा तिले!"

ओट्याच्या टोकाला पंचविशीची काजल गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"कुत्रं कुठी हाये?" अपेक्षानं विचारलं.

भुऱ्या मागच्या अंगणात पाण्याच्या रांजणाजवळ पडला होता. राखाडी, तगडा, कान कापलेला गावठी कुत्रा. कुशीवर होता, पाय सरळ. झोपल्यासारखा. अपेक्षा त्याच्यापाशी उकिडवी बसली आणि बराच वेळ तिनं त्याला हातच लावला नाही. तिनं आधी जमीन पाहिली.

रांजणातून झिरपून तिथली माती ओली होती. ओल्या मातीवर कोंबडीचे पायही उमटतात. भुऱ्याच्या पंजांखाली माती जशीच्या तशी होती. कपाशीच्या औषधानं मेलेली कुत्री तिनं दरवर्षी पाहिली होती. ती अशी मरत नाहीत. झटके येतात, पाय माती उकरतात, तोंडाला फेसाचा ढीग लागतो, मागं घाण होते. इथे फेस नव्हता, उलटी नव्हती, एक ओरखडा नव्हता.

भिंतीला टेकून एक जर्मनची ताटली होती. तिच्यात भगर सुकून चिकटली होती. कुत्र्यानं थोडी खाल्ली असेल, बरीचशी टाकली होती. ताटलीपासून भिंतीच्या फटीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. एकेक मुंगी एकेक दाणा उचलून चालली होती, आणि फटीतून नवी रांग परत येत होती.

अपेक्षानं चंद्रभानला बोलावलं. "हे पाहा."

"मुंग्या हायेत."

"जित्या हायेत. रातभर हेच खाऊन राह्यल्या."

चंद्रभान खाली वाकला. पन्नाशीचा माणूस, रंगवलेल्या मिशा, खिशात कायम डायरी. तो मुंग्यांकडे पाहत राहिला आणि त्याचा हात मिशीवर गेला.

"मंग कुत्रं कायनं मेलं, मॅडम?"

३

"साप इचारला होता का कोणाले?" अपेक्षानं विचारलं.

"पह्यलंच इचारलं ना! म्हातारीचा पोरगा सर्पमित्र हाये. प्रफुल्ल. या पट्ट्यात साप निघाला का आपनबी त्यालेच फोन करतो. त्यानं सोता कुत्रं पाह्यलं, मायलेबी पाह्यलं, मंग दवाखान्यात घेऊन गेला." चंद्रभाननं डायरी उघडून वाचून दाखवलं. "घोणस चावली असती तर सूज आली असती, रक्त आलं असतं. नाग चावला असता तर दाताची खूण दिसली असती. फुरसं चावलं असतं तर जागा काळी पडली असती. यातलं काहीच नाही, म्हणून साप नाही. असं त्यानं सांगतलं. डॉक्टरलेबी हेच सांगतलं."

अपेक्षानं ते पुन्हा वाचायला सांगितलं. ऐकताना ती बोटांवर मोजत होती. तिसऱ्या बोटावर थांबली.

"ठीक हाये," ती म्हणाली. "आता सुनेशी बोलते."

काजल बोलायला तयार नव्हती. भुऱ्या कसा होता असं विचारल्यावर मात्र ती बोलली.

"त्यायच्याच पायाशी झोपे. माय घटापाशी खाली चटई टाकून झोपत, हा उंबऱ्यात. देवाचा दिवा राखाले दोघं."

"परवा भांडन कशावरून झालं?"

"खाटेवरून. म्हटलं, पाठ दुखते तुमची, खाटेवर झोपा. तर म्हणे, घट बसला असता खाटेवर झोपत नसते, तुले तुह्या मायनं शिकवलं नाई. मीबी मंग बोलली. झालं तेवढंच."

"भुऱ्याले जितं कवा पाह्यलं?"

"चार वाजता. मायनं हाक मारली, पोट दुखते म्हणे. मी उठली तर हा अंगणात मागचे पाय वढत चालला होता. मले वाटलं झोपेत असन. माह्याकडं पाहून त्यानं भुंकाले तोंड उघडलं." ती थांबली. "आवाज नाई निघाला, मॅडम. तोंड उघडलं अन् तसंच रायलं. मंग रांजणापाशी जाऊन बसला."

अपेक्षानं हातातलं पेन खाली ठेवलं. "अन् सासू? बोलत होत्या?"

"बोलत होत्या. पन नाकातून. सर्दी झाल्यासारख्या. मंग बोलनंच बंद केलं. गाडीत बसवलं तवा डोयेबी मिटून घेतले. थकल्या असतीन, उपासानं."

"तवा प्रफुल्ल कुठी होता?"

काजलनं नवऱ्याचं नाव ऐकून पदर सारखा केला. "हे अंदर होते. पेटी सरकवत होते, गाद्या उचलत होते. म्हणे, दवाखान्याचं कार्ड पाह्यतो. कार्ड तर कॅलेंडरच्या मागं असते. त्यायनंच तिथी ठेवलं."

कुंपणापलीकडून कुणीतरी खाकरलं. शेजारचा मोतीलाल शेंडे बऱ्याच वेळापासून कान देऊन उभा होता. चंद्रभाननं त्याला बोटानं खुणावलं.

"तुमी या हिकडं. गेल्या महिन्यात चारचौघात बोलले होते ना, या कुत्र्याले औषध घालीन म्हणून?"

"बोललो होतो. लपवत नाई," मोतीलाल म्हणाला. "माह्या चार कोंबड्या खाल्ल्या त्यानं. तुमची एक खाल्ली असती तर तुमी गोळी घातली असती, साहेब. मी निस्ता बोललो."

"रात्री का आयकलं?" अपेक्षानं विचारलं.

"दोनच्या सुमाराले भुऱ्या भुंकला. जोरात, घरातून. सीताबाईनं दटावला, मंग गप झाला. अन् एक सांगू का, मॅडम?" त्यानं आवाज खाली आणला. "पहाटे मी लघवीले उठलो तर प्रफुल्ल बॅटरी घेऊन लाकडाच्या ढिगात काईतरी धुंडत होता. माय अंदर ओकून राह्यली अन् हा लाकडं उचकून राह्यला. मी म्हटलं, का हारवलं बा? तर म्हणे, काई नाई, मांजर हाये."

काजलनं झटकन मान वर केली.

"आमच्या घरी मांजर नाई," ती म्हणाली.

४

अपेक्षा परत भुऱ्याकडे गेली. या वेळी तिनं हातमोजे घातले.

कुत्रा सापाला शेपटीनं भेटत नाही. नाक पुढं करतो, पंजा मारतो, तोंडात धरतो. म्हणून तिनं नाक पाहिलं, पंजे पाहिले, तिथे काही नव्हतं. मग अंगठ्यानं वरचा ओठ उलटला. आतल्या ओल्या गुलाबी कातडीवर, सुळ्याच्या जरा मागे, दोन ठिपके होते. सुईनं टोचल्याएवढे. सूज नाही, रक्त नाही. ओठ खाली सोडला की काहीच दिसत नव्हतं.

"उरकुडे, चार साप लय विषारी असते आपल्याकडं," ती म्हणाली. "शाळेतल्या तक्त्यावरबी असते. नाग, घोणस, फुरसं. चौथा कोणता?"

"मण्यार."

"सर्पमित्रानं तुमाले तीन मोजून दाखवले. चौथ्याचं नाव काऊन नाई घेतलं?"

चंद्रभाननं डायरीच्या त्या पानाकडे पाहिलं. 

"मण्यारीच्या चाव्याले सूज येत नाई, दुखत नाई, खूण दिसत नाई. माणूस झोपेतून उठतबी नाई. दोनतीन घंट्यानं पोट दुखते, वकारी होते. मंग आवाज जाते, पापण्या पडते. शेवटी श्वास." ती बोलता बोलताच नंबर शोधत होती. "दवाखान्यात कोण हाये ड्युटीवर?"

फोनवरचा डॉक्टर तरुण आणि दमलेला होता.

"सीताबाई भोयर? हो, भगरीची विषबाधा. दर नवरात्रात दोनचार येतात. सलाइन चालू आहे. झोपल्यात आता."

"डॉक्टर, मी पशुवैद्य आहे. त्यांचा कुत्रा मण्यार चावून मेलाय, आणि तो त्यांच्या पायाशी झोपत होता. त्यांना डोळे उघडून वर बघायला सांगा. एका श्वासात कितीपर्यंत मोजता येतं ते बघा."

"सापाचं मी विचारलं होतं. मुलगा स्वतः सर्पमित्र आहे. नाही म्हणाला."

"पुन्हा विचारा. पण त्याच्या उत्तरावर थांबू नका."

सहा मिनिटं अपेक्षानं फोन हातातच धरून ठेवला.  दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. डॉक्टरच्या आवाजातली झोप उडाली होती.

"त्या झोपलेल्या नाहीत! पापण्या उघडताच येत नाहीयेत त्यांना. हात हातात घेतला की बोट हलवतात. मोजायला सांगितलं तर ओठही हलत नाहीत, श्वास अपुरा पडतोय. प्रतिविष लावलंय, नळी टाकतोय, वर्ध्याला हलवावं लागेल."

"मुलाला विचारलंत?"

"त्यांच्या उशाशीच विचारलं. तो अजूनही नाहीच म्हणतोय."

फोन बंद झाला. चंद्रभाननं टोपी काढून कपाळ पुसलं. "म्हणजे पोरीनं काई केलं नाई."

"नाई. पन ते मण्यार घरात शिरली कुठून, तेवढंच नाई पाहाचं," अपेक्षा म्हणाली. तिची नजर मागच्या दाराकडे गेली. "गेली कुठी, तेबी पाहा लागते. काजल कुठी हाये?"

"अंदर गेली," वच्छलाबाई म्हणाली. "दिव्यात तेल घालाले. सासू नाई तर दिवा इझू द्याचा का?"

५

देवाची खोली अंधारी होती. कोपऱ्यात पाटावर मातीची टोपली, तिच्यात बोटभर वाढलेले गव्हाचे पिवळे कोंब, मधोमध घट, वर झेंडूच्या चार माळा, पाचवी अजून चढवायची राहिलेली. बाजूला समई. काजल पाटासमोर गुडघे टेकून तेलाची वाटी पुढे करत होती.

"काजल," अपेक्षा उंबऱ्यातून हळू आवाजात म्हणाली, "हात मागं घे. उठू नको. तशीच मागं सरक."

काजल सर्पमित्राची बायको होती. तिनं का म्हणून विचारलं नाही. वाटी हातात तशीच धरून ती हातभर मागे आली.

अपेक्षानं खोलीवरून नजर फिरवली. पत्र्याची पेटी भिंतीपासून हात दीड हात पुढे ओढलेली. गाद्या उलटवलेल्या. धान्याची कोठी सरकवल्याचा ताजा चरा जमिनीवर. पहाटे कुणीतरी या खोलीत एक वस्तू शोधली होती आणि प्रत्येक वस्तू हलवून पाहिली होती. फक्त एक कोपरा सोडून. टोपलीच्या मातीतलं पाणी पाटाखाली झिरपून जमीन ओली झाली होती. अंधार, गारवा, ओल. आणि नऊ दिवस कुणाचा हात लागणार नाही याची खात्री.

अपेक्षाच्या बोरगाव मेघेच्या घरात घट बसत नसे. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बस. शेजारणींच्या घरी तिनं लहानपणापासून हे पाहिलं होतं आणि हात न लावायची सवय तिलाही झाली होती. ती उंबऱ्यातच थांबली.

"काजल, त्या पाटाखाली पाहा लागते. मी हात लावत नाई. तुमचं घर हाये, तू सांग."

"घट हालवाचा?" वच्छलाबाई दारातून किंचाळली. "पाचव्या माळेले? माह्या बहिणीचा जीव घेता का?"

"जीव तिकडं जाऊनच राह्यला, मावशी," काजल म्हणाली.

तिनं खुंटीवरून नवऱ्याची सापाची काठी काढली. तिचं टोक पाटाच्या पायात अडकवून तिनं पाट आपल्याकडे ओढला. पहिल्यांदा वीतभर. समई हलली, ज्योत आडवी झाली, परत उभी राहिली. मग अजून वीतभर.

ओल्या जमिनीवर एक काळं, चकचकीत वेटोळं होतं. त्याच्यावर पांढरे बारीक पट्टे.

चंद्रभाननं लाठी उचलली.

"मारू नका!" काजल ओरडली. ती पहिल्यांदाच ओरडली होती. "माह्या बाजूनं बोलनारं हे एकच हाये इथी!"

लाठी खाली आली नाही. काजलनं काठीच्या आकड्यानं मण्यार अलगद उचलली. "बरणी आणा. मोरीपाशी हाये, धुऊन ठेवलेली."

अपेक्षानं बरणी आणली. प्लास्टिकची, रुंद तोंडाची, लोणच्याची. तिच्या झाकणाला तापल्या खिळ्यानं पाडलेली भोकं होती. भोकांच्या कडा अजून पांढऱ्या, काल पाडल्यासारख्या.

"हे भोकं तू पाडले?"

"नाई. काल संध्याकायी यायनं रिकामी बरणी मागतली होती. म्हणे, माह्या बरणीले तडा गेला." काजलनं साप आत सोडला, झाकण आवळलं, दोनदा हिसडून पाहिलं. आणि मग तिचा हात झाकणावरच राहिला. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

६

दुपारी बारा वाजता तालुक्याच्या दवाखान्यासमोर रुग्णवाहिका उभी होती. सीताबाईंना आत चढवत होते. तोंडात नळी, उशाशी एक परिचारिका हातानं फुगा दाबत होती. प्रफुल्ल मागच्या दाराला धरून चढणार, एवढ्यात चंद्रभाननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी जाऊ दे. आपन मागून जाऊ. तुह्या मोबाइलमंधी जरा एक फोटो दाखव."

प्रफुल्ल तीस वर्षांचा, उंच, वन विभागाचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरणारा. गाडी निघून गेली. तो लिंबाखालच्या बाकावर बसला.

"कोणता फोटो?"

"माह्या मोबाइलमंधी नाई तो," चंद्रभान म्हणाला. "तू दरवेळी ग्रुपवर दोन टाकतो. साप धरल्याचा एक अन् जंगलात सोडल्याचा एक. पाच वर्सात एकबी वेळ चुकला नाई. काल साडेपाचले जाम गावच्या टपरीतून मण्यार धरली, तो फोटो हाये. सोडल्याचा कुठी हाये?"

"रेंज नव्हती."

"घरी आल्यावर होती," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बसा, मी सांगते. चुकलं तर थांबवा. काल तुमी मण्यार सोडली नाई, घरी आणली. तुमच्या बरणीले तडा गेला होता, म्हणून बायकोले लोणच्याची मागतली, झाकणाले भोकं पाडले. बरणी देवाच्या खोलीत पेटीमागं ठेवली, कारण तिथी कोणी झाडत नाई सध्या. झाकण नीट बसलं नव्हतं, का भुऱ्यानं हुंगता हुंगता पाडलं, ते तुमालेच माहीत. दोन वाजता तो भुंकला. त्याच्या वरच्या ओठात, अंदरून, खुणा हायेत."

प्रफुल्ल जमिनीकडे पाहत होता.

"मोतीलालनं तुमाले लाकडाच्या ढिगात पाह्यलं. बायकोनं पेटी सरकवताना पाह्यलं. सगळं हालवलं, फक्त घट नाई हालवला. सर्पमित्र हाये तुमी, साप ओलीत बसते हे माहीत हाये. पन घट हालवाचा नसते, हे त्याहून जास्त माहीत हाये. तिथी तुमच्यातला सर्पमित्र थांबला."

"होती का तिथी?" त्यानं विचारलं.

"होती. तुमच्या बायकोनं धरली."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांमधून आवाज आला.

"आज शाळेत कार्यक्रम होता. वन्यजीव सप्ताह. पोराईले जिता साप दाखवीन म्हटलं. तक्त्यावरचा पाहून कोणी शिकत नाई. साप घरी ठेवाचा नसते, माहीत हाये मले. वन विभागाचं कार्ड गेलं असतं, केस झाली असती. चारले उठलो तर बरणी आडवी. धुऊन मोरीपाशी ठेवली. पह्यले वाटलं बाहेर गेली असन. मायच्या अंगावर खूण नव्हती..."

"मण्यारीची खूण दिसत नाई. हे तुमीच लोकाईले सांगता."

"हाव."

"मंग सात वाजता?"

"सात वाजता वच्छलामावशी बोंबलली, काजलनं औषध घातलं म्हणून. पोलीस आले. तवा लोक सारे माह्याकडं पाहून राह्यले होते, का साप हाये का? मी नाई म्हटलं." तो थांबला. "एकदा नाई म्हटलं, मॅडम. मंग डॉक्टरनं इचारलं. मंग परत इचारलं. दरवेळी तेच तोंडातून निघालं."

"दहा वाजेपर्यंत तुमच्या मायले प्रतिविष मिळालं नाई, कारण मायचा पोरगा सर्पमित्र होता," अपेक्षा म्हणाली. "पोरगा दुसरा कोणी असता तर डॉक्टरनं त्याचं आयकलं नसतं."

चंद्रभाननं डायरी मिटून खिशात घातली. मग म्हणाला, "अन् बायको? तिले मी गाडीत बसवत होतो ना बे. तिकडं पाहून तुले काई नाई वाटलं?"



७

सीताबाईंच्या घशातली नळी सहाव्या दिवशी निघाली. अकराव्या दिवशी चंद्रभान जबाब घ्यायला वर्ध्याच्या वॉर्डात गेला. एका गाईच्या तपासणीचे कागद द्यायला अपेक्षा वर्ध्यात आली होती. तीही त्याच्यासोबत गेली.

काजल खाटेच्या कडेला बसून वाटीतली पातळ खिचडी चमच्यानं ढवळत होती. प्रफुल्ल दारापाशी उभा होता. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. वन विभागानं ते जमा करून घेतलं होतं आणि साप डांबून ठेवल्याचा गुन्हा वेगळा नोंदवला होता. दवाखान्यात तो रोज येई, दारापाशी उभा राही. खाटेपर्यंत त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

सीताबाईंचा आवाज अजून खरखरीत होता. चंद्रभाननं स्टूल ओढलं.

"आजी, तुमाले कमी त्रास देतो. त्या दिवशी तुमी बेशुद्ध होत्या, म्हणून तिकडचं काई इचारत नाई. रातीचं जेवढं आठवते..."

"बेशुद्ध नव्हती मी."

काजलचा चमचा थांबला.

"डोये उघडत नव्हते. हात उचलत नव्हता. श्वास घ्याले जीव तुटे. पन आयकू सारं येत होतं," सीताबाई म्हणाल्या. "वच्छी इच्यावर आरोप करून राह्यली होती, ते आयकलं. गाडीत पोलिसाचं नाव निघालं, ते आयकलं. सांगू म्हटलं, का भगर चांगली होती, पोरीनं काई केलं नाई. जीभच हालली नाई."

त्यांनी पाणी मागितलं. काजलनं दोन घोट पाजले.

"मंग हा आला. कानापाशी वाकला. म्हणे, माय, माह्याच हातून झालं, साप मीच आणला होता घरी. रडला. माह्या गालावर पडलं त्याचं पाणी. मले लय बरं वाटलं, खोटं काऊन सांगू? म्हटलं, सांगतलं पोरानं, आता बाहीर जाऊन डॉक्टरले सांगीन." त्या थांबल्या. श्वास पुरेना. "डॉक्टरच आला मंग तिथी. माह्या उशाशी उभं राहून इचारलं त्यानं, साप होता का, खरं सांगा. हा म्हणे, नाई."

दारातल्या माणसानं चौकटीला डोकं टेकवलं.

अपेक्षाला खिडकीबाहेर पाहावंसं वाटलं. तिनं पाहिलं नाही.

चंद्रभाननं डायरी मांडीवर ठेवली होती. त्यानं एकदा दाराकडे नजर टाकली, एकदा म्हातारीकडे, आणि आवाज शक्य तितका खाली आणला.

"आजी, हे लिहिलं का मंग खोडता येत नाई. कोर्टात जाते. पोराचं नाव येते. लिहू का?"

सीताबाईंनी हात लांब करून काजलच्या हातातली वाटी घेतली. 

"त्या दिवशी सुनेचं नाव लिहिलं," त्या म्हणाल्या, "तवा इचारलं होतं का कोणाले?"

चंद्रभाननं पेनाचं टोपण काढलं.